हिरडीवरची निळी रेघ

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. लोखंडी पळीत घालून गॅसवर ठेवलं की थोड्या वेळात वरची राखाडी मळी बाजूला सारून खालचा चकचकीत रस ओतता येतो. तेवढ्यावर थांबलं तर धूर फारसा होत नाही. पण बॅटरीच्या प्लेटांचे कान एकमेकांना जोडायचे तर गॅसच्या बत्तीची ज्योत थेट शिशावर धरावी लागते. तिथं तापमान पाचशेच्या कितीतरी वर जातं आणि शिशाची वाफ निघते. हवेत येताच ती निवते आणि तिचे इतके बारीक कण होतात की डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही, ठसकाही लागत नाही. ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या उघडून दुरुस्त करायचं काम मी जालन्यात वडिलांच्या हाताखाली शिकलो आणि पुढं तीसेक वर्षं तेच केलं. त्या धुराचा माझ्या हिरड्यांशी आणि जबड्याच्या हाडाशी संबंध कसा कळला आणि त्यावर काय उपचार झाले, ते लिहितोय. आमच्या धंद्यातल्या माणसांनी वाचावं, ही फार इच्छा आहे.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. ब्रश करताना थुंकीत रक्त यायचं. मग हिरड्या दातांपासून सुटल्यासारख्या दिसायला लागल्या, दात लांब दिसायला लागले, तोंडात सकाळी धातूची चव यायची. खालची डावीकडची दाढ जिभेनं ढकलली तरी हलायची. आमच्याकडं याला सरसकट पायोरिया म्हणतात. जालन्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी दात साफ करून दिले, तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की हाड खाली गेलंय, हे हिरड्यांच्या तज्ज्ञाकडं दाखवा, छत्रपती संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाकडं जा. त्याच्या शेजारच्या सरकारी दंत महाविद्यालयात हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. पहाटेच्या गाडीनं निघालो की केसपेपरच्या रांगेत वेळेत लागता येतं.

तिथं मला तपासलं ते पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका मॅडमनी. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी साखर आहे का विचारलं, मग तंबाखू, विडी, सिगारेट. साखर नव्हती, तंबाखू मी कधी खाल्ली नाही, विडी विशीतच सोडलेली. मग त्यांनी खालचा ओठ बोटानं ओढून धरला, दिवा जवळ आणला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर विचारलं, "काका, तुम्ही काम काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी ओठ सोडला, पांढऱ्या कागदाची एक बारीक पट्टी कापली आणि तिचं टोक हिरडी आणि दात यांच्या मधल्या फटीत सरकवलं. मला आरसा दिला. खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठाला धरून, एक निळसर काळी रेघ होती. जवळून पाहिलं तर ती रेघ नव्हती, बारीक ठिपक्यांची ओळ होती. मॅडम म्हणाल्या, हा डाग दाताला चिकटलेल्या किटणाचा असता तर कागदामागं लपला असता. कागद मध्ये घातल्यावर तो आणखी उठून दिसतोय, म्हणजे डाग हिरडीच्या आत आहे.

त्यांनी त्यांच्या सरांना बोलावलं. सरांनी बाकीच्या विद्यार्थ्यांनाही बोलावलं. मला थोडं अवघडल्यासारखं झालं, पण सर शिकवताना माझ्याशीच बोलत होते, हे मला फार आवडलं. त्यांनी सांगितलं की या रेघेचं वर्णन हेन्री बर्टन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १८४० साली केलं, म्हणून तिला बर्टनची रेघ म्हणतात. श्वासातून किंवा हाताला लागून पोटात गेलेलं शिसं रक्तात उतरतं. रक्त हिरडीच्या बारीक शिरांतून फिरतं. दातांच्या कडेला जे जंतू साचतात ते गंधकाचा वायू सोडतात. तो वायू आणि रक्तातलं शिसं यांचा संयोग झाला की काळं लेड सल्फाइड बनतं आणि हिरडीतच बसतं. ज्याच्या तोंडात दातच नाहीत किंवा ज्याचं तोंड अगदी स्वच्छ आहे त्याला अंगात शिसं असूनही ही रेघ दिसत नाही. म्हणजे रेघ नाही म्हणून शिसं नाही, असं समजायचं नाही.

मी विचारलं, मग दात हलायला लागले ते शिशामुळंच ना? सरांनी लगेच हो म्हटलं नाही. त्या उत्तरामुळं माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. ते म्हणाले, पायोरिया होतो तो मुळात जंतूंनी. दाताला चिकटलेला थर, त्याविरुद्ध शरीराची लढाई, आणि त्या लढाईत हिरडी आणि हाड दोन्हींची झीज. पण कोणाचं हाड लवकर झिजतं आणि कोणाचं टिकतं, हे बाकीच्या गोष्टींवर ठरतं. साखर, विडी-तंबाखू, आणि तुमच्या बाबतीत शिसं. रक्तात शिसं जास्त असणाऱ्या लोकांमध्ये हिरड्यांचा आजार जास्त आढळतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या आरोग्य सर्वेक्षणातून दिसलंय. उंदरांना शिसं दिल्यावर त्यांच्या दातांभोवतीचं हाड झिजलेलंही पाहिलंय. तुमच्या जबड्यातल्या झिजेत शिशाचा वाटा किती, हे मोजून सांगता येणार नाही. पण ते अंगात असताना आम्ही नुसत्या हिरड्या शिवल्या तर ते अर्धंच काम होईल.

मग हाडाचं गणित त्यांनी समजावलं. शरीर शिशाला कॅल्शियम समजतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत जाऊन बसतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडातलं वर्षानुवर्षं, कधी कधी दशकं राहतं आणि तिथून थोडं थोडं परत रक्तात येत राहतं. हाड सतत मोडत असतं आणि नवं बनत असतं. जबड्यात दातांच्या मुळांना धरून ठेवणारं जे हाड असतं, त्यात ही मोडतोड फार वेगानं चालते. नवं हाड बांधणाऱ्या पेशींचं काम शिसं बिघडवतं. मोडणं चालू आणि बांधणं मंद, म्हणजे काठ खचणारच.

तिथून मला शेजारच्या घाटीत मेडिसिन विभागाकडं पाठवलं आणि रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून दिली. ही तपासणी नेहमीच्या पॅथॉलॉजीत होत नाही. नमुना वेगळ्या नळीत घेतात आणि मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. माझा मुंबईला गेला. एक गोष्ट सांगून ठेवतो. रक्त द्यायला दुकानातून थेट जाऊ नका. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जा आणि दंड साबणानं नीट धुऊन घ्या. कातडीवरची धूळ सुईबरोबर गेली तर आकडा खोटा येतो. माझा आकडा ३८ आला. मोजमाप मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये जी मार्गदर्शक सूत्रं दिली त्यांत ५ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, असं सांगितलंय. हिमोग्लोबिनही कमी होतं. शिसं रक्त बनण्यातही अडथळा आणतं, म्हणून दुपारनंतर अंगातून जीव गेल्यासारखं व्हायचं. मी ते वयामुळं आहे असं धरून चाललो होतो.

शिसं बाहेर काढणारं औषध असतं, पण माझ्या आकड्याला डॉक्टरांनी ते दिलं नाही. ते औषध आकडा बराच वर गेला तर किंवा लक्षणं तीव्र असली तर देतात. आणि रोज नवं शिसं आत जात असताना ते घेण्यात अर्थ नसतो, उलट धोका असतो. पहिला उपचार म्हणजे शिसं आत जाणं बंद करणं. लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं, म्हणून लोहाच्या गोळ्या आणि रोजच्या जेवणात नीट लक्ष. उपाशीपोटी काम करायचं नाही, कारण रिकाम्या पोटी गिळलेलं शिसं जास्त शोषलं जातं. आमच्या धंद्यात गूळ खाल्ला की धूळ उतरते अशी पक्की समजूत आहे. डॉक्टर म्हणाले, गूळ खा, पण त्यानं शिसं निघत नाही.

हिरड्यांचा उपचार त्याच्या बरोबरीनं सुरू झाला. आधी सगळ्या दातांचा एक्स-रे, ज्याला तिथं ओपीजी म्हणतात. हनुवटी टेकवून उभं राहायचं आणि यंत्र डोक्याभोवती फिरतं. चित्रात दोन्ही जबडे एका पट्टीत दिसतात. मॅडमनी पेन्सिलीनं दाखवलं की हाडाची कड कुठं असायला हवी होती आणि कुठं आहे. बऱ्याच दातांच्या मुळांचा तिसरा हिस्सा उघडा पडला होता. खालच्या डाव्या दाढेजवळ तर हाडात खोल खड्डा होता.

मग मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई घेऊन प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजली. हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटरची फट निरोगी माणसालाही असते. मॅडम आकडे बोलत होत्या, दुसरी विद्यार्थिनी तक्त्यात लिहीत होती. तीन, चार, सहा, सहा, सात. मॅडमच्या तोंडून सात आला की मला पोटात ढवळायचं. हे सगळं मोजून होईपर्यंत तोंड उघडं ठेवून जबडा आखडतो, पण दुखत फार नाही.

दात आणि मुळं साफ करण्याचं काम तोंडाचे चार भाग करून वेगवेगळ्या खेपांना केलं. इंजेक्शननं तो भाग बधिर करतात. आधी पाण्याचा फवारा मारणारं कंप पावणारं यंत्र, मग हातानं चालवायची वाकडी हत्यारं. हिरडीच्या खाली मुळावर जे दगडासारखं कीटण बसलेलं असतं ते खरवडून मूळ गुळगुळीत करतात. हे खरवडणं डोक्याच्या कवटीत ऐकू येतं. दोन दिवस हिरड्या हुळहुळल्या, गार पाणी मुळांना झोंबायचं. क्लोरहेक्झिडीनची गुळणी दिली, तिनं दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जेवणाची चव जाते, पण ती ठरावीक दिवसच घ्यायची असते. ब्रश कसा धरायचा ते त्यांनी मला दातांच्या साच्यावर शिकवलं. हिरडीच्या कडेला तिरका टेकवून हलक्या हातानं. दातांच्या फटींसाठी छोटे ब्रश दिले. रोज रात्री त्यांनी फटी साफ करणं हे मला त्या सगळ्या उपचारातलं सर्वांत जास्त कामाचं वाटतं, आणि सर्वांत स्वस्तही.

काही आठवड्यांनी परत मोजलं. पुढच्या दातांचे आकडे उतरले होते, रक्त येणं जवळजवळ थांबलं होतं. मागच्या दाढांभोवतीचे खोल कप्पे मात्र तसेच होते. तिथं शस्त्रक्रिया करायची असं ठरलं. मला वाटलं लगेच करतील, पण सर म्हणाले, आधी शिशाचा आकडा खाली येऊ द्या, हिमोग्लोबिन वर येऊ द्या. जखम भरणारं आणि हाड धरणारं शरीर आधी तयार हवं.

त्या दरम्यान एकदा वाट बघत बसलो असताना सरांनी मला काड्यापेटीची गोष्ट सांगितली. ती माझ्या मनातून जात नाही. एकोणिसाव्या शतकात काड्यांच्या गुलाला पांढरा फॉस्फरस वापरत. त्याच्या वाफेत रोज काम करणाऱ्यांना आधी दातदुखी सुरू व्हायची, मग हिरडी सुजायची, पू यायचा, आणि जबड्याचं हाड जिवंतपणी मरायला लागायचं. दात काढला की ती जागा भरायचीच नाही, मेलेल्या हाडाचे तुकडे बाहेर पडायचे. कित्येकांचा अख्खा जबडा काढावा लागे, कित्येक दगावले. लंडनमध्ये ब्रायंट अँड मे या काड्यापेटीच्या कारखान्यात प्रामुख्यानं बायका आणि मुली काम करत. त्यांच्या हालांवर जून १८८८ मध्ये ॲनी बेझंट यांनी लेख लिहिला आणि जुलैत सुमारे चौदाशे जणींनी संप केला. या त्याच ॲनी बेझंट, ज्या पुढं भारतात आल्या, होमरूलची चळवळ उभी केली आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. १९०६ मध्ये बर्न शहरात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतात १९१३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. आज आपण घासतो त्या पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस असतो, त्यानं जबडा सडत नाही.

हे सांगून सर म्हणाले, त्या बायकांचे जबडे डॉक्टरांनी वाचवले नाहीत. डॉक्टर फक्त मेलेलं हाड काढत राहिले. जबडे वाचले ते कामाच्या जागेतली वाफ बदलली तेव्हा.

कायद्याचं आमच्यापुरतं सांगतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळं होणाऱ्या आजारांची यादी होती. त्यातलं पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं. पुढं फॉस्फरस होता, पारा होता. पाऱ्याची वाफही हिरड्या सुजवते, लाळ सुटते, दात सैल होतात. असा रोगी दिसला तर डॉक्टरनं सरकारला कळवायचं, असा त्यात नियम होता. पण आमच्यासारखी मालक आणि दोन पोरं एवढ्यावर चालणारी दुकानं कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. मोंढ्यापासून महामार्गापर्यंत अशी दुकानं किती, ती मोजायलाही कोणी येत नाही. हवा तपासणं तर लांबच. याची मला चीड येते. शिसं तर माणसं किती हे मोजून अंगात शिरत नाही.

दुकानात काय बदललं ते आता सविस्तर. बॅटरी फोडून सेल बदलणं, प्लेटांचा जोड मारणं, टर्मिनल ओतणं, हे सगळं बंद केलं. त्यात पैसा होता, नव्या बॅटरीच्या विक्रीपेक्षा जास्त सुटायचा, त्यामुळं घरी चर्चा बरीच झाली. पण आता बहुतेक बॅटऱ्या सीलबंद येतात, उघडायचं काम तसंही कमीच होत चाललंय. शेतकऱ्याला चार पैसे वाचवून देता यायचे ते थांबलं, याचं वाईट वाटतं. जुन्या बॅटऱ्या मी आता नोंदणी असलेल्या पुनर्वापर कारखान्यालाच देतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं त्या तिथंच जायला हव्यात. उघड्यावर भट्टी लावून शिसं गाळणारे रोख आणि जास्त भाव देतात, पण ते शिसं कुठल्यातरी वस्तीच्या हवेत जातं आणि तिथल्या पोरांच्या हाडात बसतं.

दुकान कोरड्या झाडूनं झाडायचं बंद केलं. झाडू मारला की जुनी धूळ परत हवेत उठते. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते पाणी वेगळं ठेवायचं. फळ्या, भिंती, वजनकाटा, गल्ला, सगळं पुसून काढलं तेव्हा बादलीतलं पाणी राखाडी झालं होतं. तोंडाला गमछा बांधून बारीक कण अडत नाहीत. त्या साफसफाईसाठी पी-१०० फिल्टरचा अर्धा चेहरा झाकणारा मास्क मागवला. चहा आता दुकानात येत नाही. हात साबणानं घासून, बाहेर टपरीवर जाऊन प्यायचा.

चार्जिंगची जागाही हलवली. बॅटरी चार्ज होताना पाण्यातून बुडबुडे उठतात आणि फुटताना सल्फ्युरिक ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडवतात. बंद खोलीत घशाला जो खवखवाट होतो तो त्याचाच. हे तुषार समोरच्या दातांची चकाकी खातात, कारण बोलताना ओठांनी न झाकले जाणारे तेच दात असतात. माझ्या दुकानातल्या पोराचे खालचे चार दात वरून झिजून काचेच्या कडेसारखे पातळ झालेत. तो वर्षानुवर्षं चार्जिंगवर बसायचा. ॲसिडच्या या तुषारांना कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९२ पासून माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरलंय, विशेषतः स्वरयंत्राच्या. चार्जर आता मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे, तीन बाजू उघड्या आणि धूर बाहेर ओढणारा पंखा.

डॉक्टरांनी घरच्यांचं रक्त तपासायला सांगितलं तेव्हा मी बायकोचं आणि नातवाचं दिलं. नातू तेव्हा तीन वर्षांचा. दुकानातून घरी आलो की तो धावत येऊन माझ्या मांडीवर चढायचा, शर्टाची गुंडी तोंडात घालायचा. त्याचा आकडा ९ आला. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी दहावा हिस्सा शोषला जात असेल तर लहान मुलाच्या पोटात निम्म्यापर्यंत शोषला जातो, आणि ते शिसं वाढत्या मेंदूवर जातं. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या दाढांचं काय व्हायचं ते होवो, असं झालं. दुसऱ्या दिवसापासून दुकानाचे कपडे दुकानातच, ते वेगळे धुवायचे, तिथंच अंघोळ, चप्पलसुद्धा वेगळी. घरातल्या गाद्या-चादरी सगळं धुऊन काढलं. बायकोचा आकडा कमी होता, पण तिलाही हाडांची तपासणी करून घ्यायला सांगितलं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं विरळ होतात तेव्हा आधी साठलेलं शिसं परत रक्तात उतरतं. गरोदरपणातही तसंच होतं आणि ते बाळापर्यंत जातं.

माझा आकडा हळूहळू उतरला. आधी ३१, मग २६. हाडातून परत येत राहतं म्हणून एकदम पडत नाही, हे माहीत असल्यानं धीर धरता आला. हिमोग्लोबिन वाढलं. मग शस्त्रक्रियेची तारीख मिळाली.

खालची डावी बाजू बधिर केली. हिरडी दातांच्या कडेनं कापून पाकळीसारखी बाजूला उलगडतात, म्हणजे मुळं आणि हाड समोर दिसतं. दुखलं नाही, ओढल्याचं आणि दाबल्याचं तेवढं जाणवतं. आत जी सुजलेली मऊ पेशींची भर असते ती काढली, मुळं पुन्हा साफ केली. दाढेजवळच्या खड्ड्यात हाडाची भुकटी भरली. सरांनी आधीच सांगितलं होतं की सगळीकडं सारखं खाली गेलेलं हाड अशा भरावानं वर येत नाही. तीन बाजूंनी भिंत असलेला खड्डा असेल तरच भराव धरतो. माझ्या एका दाढेला तसा खड्डा होता. तिच्यामागच्या दाढेचं हाड सगळीकडून गेलं होतं, ती काढावी लागली. हिरडी परत जागेवर बसवून टाके घातले आणि वर गुलाबी रंगाचा लगदा लावला, जो थोड्या वेळात घट्ट होतो. आठवडाभर त्या बाजूनं काही चावायचं नाही, तिथं ब्रशही नाही. ज्वारीच्या पातळ कण्या, वरण-भात, ताक. गाल सुजला तो तीन-चार दिवसांत उतरला. मग लगदा आणि टाके काढले.

उजव्या बाजूलाही नंतर असंच केलं, तिथं भराव घालायची गरज पडली नाही.

आता दर तीन महिन्यांनी जातो. मॅडमचं शिक्षण पूर्ण होऊन त्या गेल्या, त्यांच्या जागी नवे विद्यार्थी आहेत, पण माझा तक्ता तोच पुढं चालू आहे. सातचे आकडे गेले. बहुतेक ठिकाणी तीन-चार, दोन जागी पाच. सैल दात पूर्वीइतके हलत नाहीत. सरकलेली हिरडी मात्र वर येत नाही, दात लांबच दिसतात. भराव घातलेल्या दाढेचा नवा एक्स-रे काढला तेव्हा खड्ड्याच्या तळाशी पांढरट भर दिसली. सर म्हणाले, आशा आहे, पण पक्कं आणखी काही महिन्यांनी सांगू. निळी रेघ फिकी झालीय, गेलेली नाही. रक्तातला आकडा गेल्या खेपेला २१. नातवाचा ४.

ज्यांना हे लागू होतं त्यांना माझं सांगणं एवढंच. बॅटरी, शिशाचं ओतकाम, जुन्या रंगांची घासाई, रेडिएटरला डाग देणं, भंगार गाळणं, यातलं काही करत असाल आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांना आपण होऊन काम सांगा. रक्तात शिसं किती ते तपासा, असं स्वतः म्हणा. आणि डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती, तंबाखूबद्दल विचारता तसं कामाबद्दलही विचारा.

माझ्या ओळखीच्या बॅटरीवाल्यांपैकी काहींनी रक्त दिलं. दुकानातल्या पोराचा आकडा २९ आला, त्याचे पुढचे दात झाकून घ्यायचं काम सुरू झालंय आणि त्याला मी बिलिंग आणि विक्रीवर बसवलंय. महामार्गावरच्या एका जुन्या मित्राचा आकडा माझ्या पहिल्या आकड्यापेक्षाही जास्त आहे, त्याच्या पोटात कळा येतात आणि वरच्या दोन दाढा हलतात. त्याला पुढच्या आठवड्यात घाटीला घेऊन जातोय. आधी मेडिसिन, मग हिरड्यांचा विभाग. रिपोर्ट, जुना एक्स-रे आणि आधार कार्ड सोबत ठेवायला सांगितलंय.